बसवून ठेवल्याची मजुरी

मालक लोकांचं एक साधं गणित आहे. हात चालला की पैसा, हात थांबला की शून्य. ऐकायला बरोबर वाटतं. आपलेही लोक मान डोलावतात, काम नाही तर दाम कशाचा? पण मित्रांनो, या गणितात एक आकडा खाल्लेला आहे. हात थांबवला कुणी? आणि थांबलेल्या हाताला दुसरीकडं जाऊ देत नाही कोण? त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

मी गंगाखेडला जिनिंग मिलमध्ये राबतो. शाळा नववीला सुटली, पुढचं वाचन पाळीतून वेळ चोरून केलं. हा प्रश्न मला वाचनानं दिला नाही. तो मावशीच्या घरातून आला.

मावशीचा पोरगा गवंडी. हात सोन्याचा, पण दहावी नापास. आखातात जायचं ठरलं. मावशीनं गळ्यातलं मोडलं, वर शेकडा पाचनं एक लाख काढले. एजंटानं व्हिसा हातात दिला तेव्हा वस्तीत पेढे वाटले. तिकडं उतरल्या उतरल्या कंपनीच्या माणसानं पासपोर्ट काढून घेतला.

पंधरा दिवसांनी फोन. "दादा, साईट चालू व्हायची आहे म्हनतेत. बसा म्हनतेत."

महिन्यानं विचारलं तर तेच. एका खोलीत आठ जण, वर-खाली खाटा.

"जेवणाचं कसं?"

"कंपनीच देती. पगार चालू झाला की कापतेत म्हनं."

म्हणजे पगाराची वही कोरी, पण कपातीची वही पहिल्याच दिवशी उघडली!

"मग दुसरीकडं काम बघ की."

"व्हिसा त्याच्या नावाचा आहे दादा. बाहेर काम करताना घावलो तर आत टाकतेत."

"मग परत ये."

"पासपोर्ट त्याच्यापाशी. तिकिटाला पैसा कुठला? अन् व्याजवाला दारात बसलाय ना तिकडं."

इकडं शेजारीण मावशीला विचारायची, "बसून खायलाय का गं तुझं पोरगं?" मावशी गप. महिन्याला पाच हजार व्याज फिरत होतं. व्याजाला साईट चालू व्हायची वाट बघावी लागत नाही.

तीन महिन्यांनी काम लागलं. त्या तीन महिन्यांचा एक छदाम मिळाला नाही. उलट जेवणाचे पैसे कापले.

हे एकट्याचं नशीब म्हणून सोडून द्यायचं नाही. याला पद्धत आहे, पद्धतीला नाव आहे : कफाला. मालक म्हणजे कफील. परक्या मुलखात तुम्ही त्याच्या जामिनावर राहता. आत येणं त्याच्या हातात, काम बदलणं त्याच्या हातात, काही ठिकाणी देश सोडणंसुद्धा त्याच्याच सहीवर. 2016 साली सौदी अरेबियात सौदी ओजर ही बांधकाम कंपनी गाळात गेली, तेव्हा हजारो भारतीय कामगार महिनोन्‌महिने पगाराविना कॅम्पात अडकले. जेद्दाच्या भारतीय वाणिज्य दूतावासाला त्यांच्यापर्यंत धान्य पोचवावं लागलं. कतारनं 2020 साली मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलायची मुभा दिली. म्हणजे दोर सोडता येतो. सोडायचा नसतो, एवढंच.

आता दुसरा मुलूख बघा. अमेरिकेत कॉम्प्युटरवर काम करायला आपल्याकडचे इंजिनिअर जातात. त्यांचा एच-वन-बी व्हिसाही कंपनीनंच काढलेला. एक काम संपून दुसरं मिळेपर्यंत रिकामं राहावं लागतं, त्याला ते लोक 'बेंचवर बसणं' म्हणतात. माणसं पुरवणाऱ्या कंपन्या या बसल्या दिवसांचा पगार बुडवायच्या. 1998 साली तिथल्या संसदेनं कायदा केला. मालकाकडं काम नाही म्हणून माणूस बसला असेल तर ठरलेला पगार पूर्ण द्यायचा. देशात पाऊल ठेवल्यापासून तीस दिवसांच्या आत पगार चालू झालाच पाहिजे, काम असो नसो. कामगारानं स्वतःच्या कारणानं रजा घेतली तर गोष्ट वेगळी. तिथंही कंपन्या पळवाटा काढतात. पण कागद कामगाराच्या बाजूनं आहे, तक्रार सिद्ध झाली की मागचा पगार भरावा लागतो.

मी हे वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. खुर्चीवरच्या माणसाचं बसणं कामात धरलं. खाटेवरच्या गवंड्याचं बसणं मात्र आळस! दोघांचाही व्हिसा मालकाच्याच मुठीत ना?

परदेश लांब राहिला. आपल्या मिलच्या गेटवर या. कापसाच्या गाड्या आल्या नाहीत, मशीन बिघडलं, लाईट गेली, की "थांबा रे" म्हणतात. दुपारपर्यंत थांबायचं, मग "उद्या या". दुसरीकडं मजुरीला जायची वेळ तोवर टळलेली. ले-ऑफ केलं तर निम्मी मजुरी द्यावी असं 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 1953 साली घातलं. पण कुणाला? पन्नासपेक्षा कमी कामगार असतील तर नाही. कारखाना हंगामी असेल तर नाही. कामगार बदली असेल तर नाही. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त बसवून ठेवतात, नेमका तोच बाहेर! 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही ही दारं तशीच बंद ठेवली. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार रोज गेटवर हजेरीला उभा राहायचा अन् काम नसलं की रिकाम्या हातानं खोलीवर जायचा. 1982 च्या संपात बदलींना कायम करा ही मागणी होती ती उगीच नव्हती.

आपल्या तालुक्यातून दिवाळीच्या पुढंमागं उसाला जाणाऱ्या गाड्या सगळ्यांनी बघितल्यात. तिथं उचल हाच व्हिसा अन् मुकादम हाच एजंट. फडावर पोचल्यावर गाळप सुरू झालं नाही, गाडी आली नाही, पाऊस पडला, तर कोयता कोपीत पडून. टनावर मजुरी, म्हणून त्या दिवसाची मजुरी शून्य. उचल फिटल्याशिवाय निघता येत नाही. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मिळाली, लढून मिळाली. पण बसल्या दिवसाचा दर कुणी मागितलाच नाही. शून्यात 34 टक्के वाढवले तरी शून्यच.

हे बसवून ठेवणं आपल्या बापजाद्यांना नवं नव्हतं. मुंबई इलाख्यात 1874 च्या वतन कायद्याखाली महारानं चोवीस तास हाकेला तयार राहायचं. हाक कधी येईल सांगता येत नाही, म्हणून दुसरा धंदा धरायचा नाही. तो नसला तर घरातल्यानं जायचं. मोबदल्यात तुटपुंजी जमीन अन् दारोदारचं बलुतं. बाबासाहेबांनी 1928 साली विधिमंडळात बिल आणलं, ते या बांधलेपणावर घाव घालायला. वतनं गेली 1958 च्या कायद्यानं. संविधानाच्या 23 व्या कलमानं वेठबिगारी बंद केली. 1982 साली एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की किमान मजुरीहून कमी देऊन काम करून घेणं ही सक्तीचीच मजुरी, अन् पोटाची सक्ती हीसुद्धा सक्तीच. मग पासपोर्ट काढून घेऊन, उचलीत अडकवून फुकट बसवून ठेवणं ही कोणती रीत?

म्हणून कार्यकर्त्यांना सांगणं आहे. जयंतीच्या वर्गणीला घरोघर फिरता, तसे जाणाऱ्या पोरांच्या घरी जा. एजंट सरकारी नोंदणीचा आहे का ते ई-मायग्रेटवर तपासा. त्याला तीस हजार रुपये अन् वर जीएसटी याहून जास्त घेता येत नाही, हे मायबापांसमोर मोठ्यानं सांगा. करार वाचा. पगार पोचल्या दिवसापासून की काम लागल्यापासून, यावर बोट ठेवा. पासपोर्टची झेरॉक्स घरी ठेवायला लावा. पोराला एक वही द्या, त्यात बसल्या दिवसांची तारीखवार नोंद कर म्हणा. मुकादमाशी बोलतानाही हाच प्रश्न पहिला टाका, अन् संघटनेच्या मागणीपत्रात टनाच्या दराखाली बसल्या दिवसाचा दर लिहा.

लिहिलेली मागणी फेटाळता तरी येते. न लिहिलेली तर कुणाला फेटाळावीही लागत नाही.

जयभीम.