नांव मोठें, पण लक्षण कोणतें?

सन २०२१ मध्यें, कित्येक महिने बंद असलेली आमची शाळा पुन्हां उघडली, तेव्हां प्रत्येक विद्यार्थ्याच्या दप्तरांत पुस्तकांबरोबर आणखी एक वस्तु आली. ती म्हणजे सॅनिटायझरची लहानशी बाटली. मुलांचा स्वभावच असा कीं, जेथें दोन वस्तू आल्या तेथें तुलना आलीच. आमच्याजवळ एका नामांकित कंपनीची बाटली होती. तिची जाहिरात दूरदर्शनवर रोज झळके, आणि त्याचा आम्हांस नाहक अभिमान वाटे.

आमच्या बांकावरील वर्गबंधूजवळ मात्र एका मोठ्या दुकानानें स्वतःच्याच नांवानें विकलेली बाटली होती. ती निम्म्या किंमतीस मिळाली, असें त्यानें सहज सांगितलें. "मग तिच्यांत नुसतें पाणीच असेल!" असें आम्ही बोलून गेलों. चारचौघे हंसले. त्या दिवसापासून तो आपली बाटली दप्तरांतून बाहेर काढीना. मधल्या सुटींत मुकाट्यानें नळावर जाऊन साबणानें हात धुई. हें आमच्या ध्यानीं आलें. तथापि आम्ही कांहीं बोललों नाहीं.

विज्ञानाच्या बाईंच्याही दृष्टीस तें पडलें असावें. एके दिवशीं त्यांनीं दोन्ही बाटल्या टेबलावर मागविल्या व त्यांच्या पाठीमागचा बारीक मजकूर आम्हांसच मोठ्यानें वाचावयास सांगितला. आमच्या बाटलीवर होतें, 'इथाइल अल्कोहोल ७० टक्के.' दुसरीवरही तेंच, ७० टक्के! फरक होता तो केवळ सुवासाचा व रंगाचा. आमचा चेहरा उतरला.

बाई म्हणाल्या, "जंतूंना बाटलीवरचें नांव वाचतां येत नाहीं." मग त्यांनीं समजावून सांगितलें कीं, अल्कोहोलचें प्रमाण निदान ६० टक्के असावें; परंतु निव्वळ अल्कोहोलपेक्षां थोडें पाणी असलेलें मिश्रण अधिक गुणकारी, कारण जंतूंतील प्रथिनें नष्ट होण्यास पाण्याचें साह्य लागतें. जागतिक आरोग्य संघटनेनें तर याची कृतिच प्रसिद्ध केली आहे : इथेनॉल ८० टक्के, शिवाय थोडें ग्लिसरीन व हायड्रोजन पेरॉक्साइड. तेव्हां यांत कोणा कंपनीचें गूढ असें कांहीं नाहीं. मार्च २०२० मध्यें भारत सरकारनें २०० मिलिलिटर बाटलीस १०० रुपयांची कमाल मर्यादा घातली, तीही नामांकित व अनामिक असा भेद न करितां.

"पण स्वस्त तें सारेंच चांगलें, असेंही समजूं नका," असें बाईंनीं बजाविलें. ज्या बाटलीवर अल्कोहोलचें प्रमाण, उत्पादनाचा परवाना क्रमांक व मुदत छापलेली नाहीं, ती फुकटही घेऊं नये. सन २०२० मध्यें अमेरिकेंत कित्येक सॅनिटायझरांत मिथेनॉल हें विष आढळलें, व तेथील सरकारी खात्यास लोकांना सावध करावें लागलें.

नंतर बाईंनीं आम्हांस हात चोळून दाखविण्यास सांगितलें. बाटली महाग, म्हणून आम्हीं एकच थेंब घेतला. तो बोटांच्या टोकांपर्यंतही पोहोंचला नाहीं. वर्गबंधूनें तळहात भरून घेतला, आणि बोटांच्या बेचक्यांत, नखांपाशीं, मनगटापर्यंत चोळून सुमारें वीस सेकंदांत हात कोरडे केले. खरी पद्धत तीच. शिवाय मळलेल्या हातांवर सॅनिटायझर फारसा चालत नाहीं. तेथें साबण व पाणीच श्रेष्ठ. म्हणजे ज्याला आम्हीं लाजेनें नळावर धाडलें, तो तेथेंही बरोबरच होता.

शाळा सुटल्यावर आम्हीं त्याची क्षमा मागितली. तो हंसला व म्हणाला, "अरे, आईनें लेबल वाचूनच घेतली होती."

असो. वाचकहो, तेव्हांपासून आम्ही कोणतीही वस्तु घेतांना आधीं ती उलटी करून पाहतों. पुढच्या बाजूस मोठें नांव असतें. मागच्या बाजूस खरें लक्षण असतें. माणसांच्या बाबतींत मात्र मागें कांहीं छापलेलें नसतें. तेथें जीभ आंवरून धरावी, हेंच बरें.