बसक्या मोटारीचा पत्रा आणि आमचा पाऊस

१९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात जग्वार कंपनीने आपली ई-टाइप मोटार मांडली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. त्या काळच्या लांब नाकाच्या, जमिनीलगत बसणाऱ्या मोटारींचा मोह आजच्या तरुणांसही आवरत नाही. डिचोलीकडच्या आमच्या परिचयाच्या एका घरी जहाजावर नोकरी करणाऱ्या मुलाने सारी पुंजी घालून तशीच एक उघडी, दोन माणसांची जुनी मोटार आणली. दाराखालचा पत्रा बोटाने दाबला की त्याचा भुगा गळे! सल्लागार पुष्कळ जमले. कोणी म्हणे, ठिगळ मारून वर लांबी भरा. कोणी म्हणे, खालून डांबर फासा. मुलाच्या मनात तर गाडी आणखी दोन बोटे खाली उतरवावयाची होती.

अशा पुष्कळ मोटारींना ट्रकासारखी स्वतंत्र चौकट नसते; पत्र्याच्या पोकळ पेट्या हाच त्यांचा कणा. उघड्या गाडीस छपराचाही आधार नाही, म्हणून पुढचा व मागचा भाग जोडून धरण्याचे बरेचसे ओझे दाराखालच्या दोन पेट्यांवर पडते. त्या कुजल्या की गाडी मधोमध वाकते, दारे लागेनाशी होतात. लांबीने भोक झाकते, बळ येत नाही. कुजका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणे हाच उपाय. मात्र कापण्यापूर्वी दाराच्या पोकळीत लोखंडी गज आडवे जोडून घ्यावेत, नाहीतर दुरुस्तीतच गाडी वाकडी होते. ज्या मेस्त्रीस हे सांगावे लागेल, त्याच्या हाती ती न देणेच बरे.

गंज येतो तो बहुधा आतून. पेटीच्या तळाशी पाणी निघून जाण्यास बारीक भोके असतात. डिचोलीच्या तांबड्या चिखलाने ती बुजतात, आणि पेटी पावसाळाभर भरलेल्या घागरीसारखी राहते. मोरजी-हरमलकडे फिरवून आणलेल्या गाडीवर खारी हवा आणखी भर घालते. भोके तारेने मोकळी करणे, गोड्या पाण्याने खालची बाजू धुणे, पेटी पुरती सुकल्यावर आत पातळ मेणाचा फवारा मारणे, यास खर्च थोडा. डांबर मात्र कालांतराने तडकते. मग त्यामागे पाणी शिरते आणि गंज दिसतही नाही. प्लॅस्टिकचे घट्ट आच्छादनही तसेच घातक. पावसात मातीच्या भिंतींस आपण झावळ्या बांधतो, पण त्यांतून वारा खेळतोच ना?

फायबरचा पत्रा गंजत नाही, हे खरे. अमेरिकेची कॉर्व्हेट १९५३ पासून तशीच आहे, आपल्या देशात झालेली सॅन स्टॉर्मही तशीच. परंतु फायबरखालचे लोखंड गंजतेच.

राहिला फेरफार. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवावयाची, तर तिचा सांगाडा व इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. रुंद मडगार्डांसाठी मूळचा पत्रा कापणाऱ्याने हे आधी वाचावे. आणि गाडी खाली उतरवली, तर पहिल्याच गतिरोधकावर घासणार त्या याच पेट्या!

मुलाने पेट्या नव्या करून घेतल्या आहेत. उतरवण्याचा हट्ट अजून सुटलेला नाही. रंग मात्र नाताळाच्या सुमारास, कोरड्या हवेत देणार आहे. ओलसर हवेत मारलेला रंग पांढुरका पडतो, हे त्यास मेस्त्रीनेच सांगितले.