हे तुला कसं कळलं?

मला हे आधी कुणी सांगितलं कसं नाही? वयाची चाळिशी उलटली, हिशेबाच्या कागदांवर लाल पेन चालवण्यात निम्मी नोकरी गेली, आणि शाळेतल्या पोरांचे विज्ञान निबंध तपासणं ही इतकी थरारक गोष्ट असते हे मला या जानेवारीत कळलं! तेव्हापासून मी भेटेल त्याला धरून हेच सांगत सुटले आहे. आता तुमची पाळी.

झालं असं. आमच्या गल्लीतल्या बाई पुणे जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. एका शनिवारी त्या फुलस्केप कागदांचा गठ्ठा घेऊनच आल्या. "अगं, तू बीएस्सी ना? बेचाळीस निबंध आहेत. विज्ञान दिनाला नंबर काढायचेत. जरा बघून दे." मी म्हटलं, द्या की, एका रविवारचं काम. चहा ठेवला, गठ्ठ्याची सुतळी सोडली.

पहिला निबंध : 'आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे.' दुसरा : 'आजचे युग हे विज्ञानयुग म्हणून ओळखले जाते.' तिसऱ्यात सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतची सगळी यंत्रं. 'विज्ञान : शाप की वरदान' या विषयावर तर १९ निबंध, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या शेवटी तीच सुरी. सुरीने फळ कापता येतं, गळाही कापता येतो, वापरणाऱ्यावर आहे. सुऱ्या मोजता मोजता माझा चहा गार झाला. २० पैकी ११, १२, १३ असे गुण टाकत गेले. शेरेही तेच, जे मला शाळेत मिळायचे : 'ठीक', 'मुद्दे वाढवा', 'अक्षर सुधारा'.

आणि मंगळवारी रात्री गंमत झाली. एका मुलीने पक्क्या प्रतीबरोबर चुकून कच्ची प्रतही जोडली होती. ती गठ्ठ्यात खाली सरकली आणि मी दोन्ही तपासल्या. शब्दन् शब्द तोच! रविवारी सुवाच्य प्रतीला मी १५ दिले होते, मंगळवारी खाडाखोडीच्या प्रतीला ११. चार गुण कसले होते? अक्षराचे? गार चहाचे? मी दोन्ही कागद शेजारी ठेवून नुसती बघत बसले. हिशेबात माझी चार रुपयांची चूक निघाली तर मला झोप येत नाही!

झोप आलीच नाही. वाचायला बसले, तर हा घोळ १०० वर्षांहून जुना निघाला. १९१२ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी इंग्रजीच्या त्याच दोन उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांना तपासायला दिल्या. एकाच पेपरला मिळालेल्या गुणांत तीसहून अधिक गुणांची तफावत! लोक म्हणाले, भाषेचा पेपर, तिथे असं व्हायचंच. मग पुढच्या वर्षी या गृहस्थांनी भूमितीचा पेपर दिला. तिथली तफावत त्याहूनही मोठी! भूमिती हो, जिथे कोन काटकोन असतो नाहीतर नसतो!

मग पुढचं सापडलं. लुईस थर्स्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये मांडलेली साधी कल्पना अशी, की माणसाला एक वस्तू हातात देऊन 'हिला किती गुण?' असं विचारलं की तो गडबडतो. दोन वस्तू देऊन 'यातली सरस कोणती?' असं विचारलं तर बरंच नेमकं सांगतो. भाजीवालीपुढे आपण हेच करतो की! एका वांग्याला २० पैकी गुण देत नाही, दोन हातांत दोन वांगी घेतो. मी गठ्ठा जमिनीवर पसरला. दोन-दोन निबंध उचलून वाचले, सरस निघेल तो वर सरकवला. आणि त्याआधी नवऱ्याला कामाला लावून प्रत्येक कागदावरचं नाव चिकटपट्टीने झाकून घेतलं.

नावं झाकण्याची आठवण कुठून आली सांगू? मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली होती. लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं, आणि मग उलगडा झाला की आद्याक्षरं उलटी फिरवून दडलेला हा जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर! अक्षरावरून ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहवून घेतली होती. एवढ्या मोठ्या माणसाला वाटलं की कागदावर काय आहे त्यावरूनच निवाडा व्हावा. मग सातवीतल्या खाडाखोडीला तोच न्याय नको?

गठ्ठा नव्याने लागला आणि मी चकित झाले. वर आलेल्या निबंधांत एक गोष्ट समान होती. त्यात कुठेतरी, एखाद्याच ओळीत का होईना, लिहिणाऱ्या पोराने स्वतः काहीतरी पाहिलं होतं. 'आमच्या विहिरीचं पाणी थंडीत सकाळी कोमट लागतं.' बस, एवढंच. पण ती ओळ वाचताना पाठ ताठ होत होती. बाकीचा निबंध गाईडचा, ती ओळ त्याची.

आता मला चैन पडेना. गुण खोडले. लाल पेन ठेवलं, पेन्सिल घेतली, आणि प्रत्येक निबंधाच्या समासात, जिथे जिथे मोठं विधान दिसेल तिथे, एकच प्रश्न लिहीत गेले : हे तुला कसं कळलं?

बाईंना म्हटलं, "नंबर राहू द्यात. कागद परत द्या. महिन्याने पुन्हा लिहून घेऊ." बाई म्हणाल्या, "अगं, गुण नसले तर पोरं बघणारसुद्धा नाहीत." मग मी त्यांना रूथ बटलर यांचं काम दाखवलं. १९८८ सालचं, इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवरचं. काहींना नुसते गुण दिले, काहींना नुसते शेरे, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती नुसते शेरे मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेल्यांची गत गुणवाल्यांसारखीच झाली. म्हणजे आकडा दिसला की शेरा कुणी वाचतच नाही! बाई दोन मिनिटं गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी वीस वर्षं शेरे लिहितेय ते...?" आणि आम्ही दोघी हसत सुटलो.

आता ऐका, काय काय परत आलं!

एका मुलीचं पहिलं वाक्य होतं : 'दही लागण्याची क्रिया जिवाणूंमुळे होते.' शेजारी माझी पेन्सिल. दुसऱ्या खेपेला ती लिहिते की रात्री नऊ वाजता तिने दोन वाट्यांत कोमट दूध घेतलं, एक वाटी तांदळाच्या डब्यात ठेवली, दुसरी ओट्यावर. सकाळी डब्यातली घट्ट, ओट्यावरची अजून दूधच. जिवाणूंनाही ऊब लागते. आणि त्यातली ही ओळ : 'आजी म्हणाली, विरजण दोन्हीकडे सारखंच घाल, नाहीतर कशाने झालं ते कळायचं नाही.' वाचून मी उभी राहिले! प्रयोगात एक गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं, हा नियम त्या आजीला ओट्यापाशी सुचला होता.

सहा जणांनी लिहिलं होतं की ओझोनला भोक पडलं म्हणून पृथ्वी तापते. हे काही अंगणात मोजता येत नाही. पण 'कसं कळलं?' म्हटल्यावर एकाने पुस्तक उघडलं आणि त्याला दिसलं की हे दोन वेगळे धडे आहेत. ओझोन अतिनील किरण अडवतो, आणि तापमानवाढ होते ती कार्बन डायऑक्साइडसारखे वायू उष्णता धरून ठेवतात म्हणून. त्याने पान क्रमांकासकट लिहून आणलं आणि खाली भर घातली : 'गाईडमध्ये दोन्ही एकाच परिच्छेदात आहे.'

आणि तो मुलगा! त्याचं वाक्य होतं : 'हिवाळ्यात पृथ्वी सूर्यापासून दूर जाते म्हणून थंडी पडते.' जुनी मी याच्यावर लाल फुली मारून पुढे गेले असते. या पोराने प्रश्न वाचून शाळेच्या मैदानात एक मीटरची काठी रोवली आणि दर रविवारी दुपारी तिची सावली मोजली. पहिला शोध : सावली सर्वांत आखूड बारा वाजता नसतेच, पावणेएकच्या आसपास असते! (आपलं घड्याळ प्रयागराजजवळच्या रेखांशाचं, आपण त्याच्या पश्चिमेला. मी हे वाचलं होतं, त्याने पाहिलं.) १८ जानेवारीला ८१ सेंटिमीटर, २२ फेब्रुवारीला ५५. मग त्याने रात्री बॅटरी आधी सरळ आणि मग तिरकी धरून फरशीवरचा उजेडाचा ठिपका आखला. तिरका ठिपका मोठा आणि फिका. निबंधाचा शेवट असा : 'थंडीत सूर्य तिरका असतो, ऊन पसरून पातळ होतं. म्हणून मी माझं पहिलं वाक्य खोडतो.'

म्हणून मी माझं पहिलं वाक्य खोडतो! कुठल्या वैज्ञानिकाने याहून चांगलं लिहिलंय, सांगा.

खरं तर विज्ञान दिनाचा निबंध याहून वेगळा असूच नये. गठ्ठ्यात सात निबंध रामन यांच्यावर होते. सातही जणांकडे २८ फेब्रुवारी १९२८ ही तारीख होती, १९३० चं नोबेल होतं. पण १९२१ मधली नारकुंडा बोट एकाकडेही नव्हती. इंग्लंडहून परतताना भूमध्य समुद्राची निळाई बघून रामन अडून बसले. लॉर्ड रॅलेंसारखे मोठमोठे लोक सांगत होते, आकाशाचं प्रतिबिंब आहे ते. रामन यांनी खिशातल्या निकोल प्रिझममधून बघून प्रतिबिंबाचा उजेड कापून टाकला, तरी समुद्र निळाच! पाणी स्वतःच प्रकाश विखुरतं. त्यांनी लॉर्ड रॅलेंच्या समासात आपली पेन्सिल टेकवली होती, एवढंच.

हे सगळं मी त्या काठीवाल्या पोराला भारावून सांगितलं. आणि वर फोडणी म्हणून म्हटलं, "तुला माहितीये, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात! सुमारे १४.७ कोटी किलोमीटर. आणि जुलैत सर्वांत लांब, १५.२ कोटी."

त्याने शांतपणे विचारलं, "ताई, हे तुम्हाला कसं कळलं?"

मी उघडं तोंड मिटलं. मला ते पुस्तकातून कळलं होतं. माझंही गाईडच! बीएस्सीची तीन वर्षं आणि त्यानंतरची सगळी, मी हे वाक्य खिशात घेऊन हिंडत होते, एकदाही तपासलेलं नव्हतं.

मग आम्ही दोघं बसलो. जवळ असेल ती वस्तू मोठी दिसते, म्हणजे सूर्य जानेवारीत किंचित मोठा दिसायला हवा. सूर्याकडे थेट बघायचं नाही. मग बाईंनी आरशाचा तुकडा दिला. त्यावर बारीक भोकाचा कागद चिकटवला, मैदानातून कवडसा अंधाऱ्या वर्गाच्या भिंतीवर पाडला, बरोबर दहा मीटरवर. सूर्याचं गोल बिंब! फेब्रुवारीच्या शेवटी त्याचा व्यास साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास भरला. कडा धूसर, म्हणून तिघांनी तीन-तीनदा मोजलं. गणिताने जुलैत तो अडीचेक मिलिमीटरने कमी भरायला हवा.

"पण ताई, जुलैत आपल्याकडं ऊन कुठं असतं?"

आता जून लागलाय. नंबर कुणाचे आले ते मी विसरूनही गेले. आरशाचा तुकडा रुमालात गुंडाळून माझ्या पर्समध्ये ठेवलाय, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी ऐन पावसाळ्यात पाच मिनिटांची उघडीप मागते आहे.