दाराबाहेरचं काम

आमच्या सांगलीच्या वाड्यात समोर राहणारी सात वर्षांची मुलगी 2018 च्या पावसाळ्यात जिना चढेनाशी झाली. वेणी घालताना तिला हात वर धरवेनात. जमिनीवरून उठायचं तर मांड्यांवर तळवे रोवून उठायची. शाळेत वाटलं, कंटाळा करते. पापण्यांवर जांभळट छटा होती, बोटांच्या सांध्यांवर लाल चट्टे होते. त्यांना मलमं लावून झाली. अखेर पुण्याच्या बालसंधिवाततज्ज्ञांनी रक्तातलं सीपीके आणि मांड्यांचा एमआरआय पाहून निदान केलं: ज्युव्हेनाइल डर्मॅटोमायोसायटिस. यात शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच स्नायूंवर आणि कातडीवर उलटते. अमेरिका-ब्रिटनमधल्या नोंदींप्रमाणे दहा लाख मुलांमागे वर्षाला दोन-चार जणांना हा आजार होतो.

घरातलं सगळं तिची आई चोख बघत होती. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच द्यायचं असतं, चुकून रोज गेलं तर जिवावर बेततं. म्हणून ‘कालनिर्णय’च्या प्रत्येक शनिवारी तिने लाल खूण करून ठेवली होती. औषधांत माझ्या मदतीची तिला गरज नव्हती. तिला थकवत होती ती येणारी-जाणारी माणसं. मी शाळेतून निवृत्त झालेली, निम्म्या गल्लीला शिकवलेलं. माणसांना चार शब्द सांगणं मला जमण्यासारखं होतं.

स्टेरॉइड सुरू झाल्यावर पोरीचा चेहरा गोल झाला, गाल वर आले. भेटायला येणारे म्हणायचे, “अगं, छान बाळसं धरलंय की! उगाच घाबरवलं डॉक्टरांनी.” हे ऐकून तिची आजी गोळ्या बंद करा म्हणून हट्टाला पेटली. स्टेरॉइड एकदम थांबवलं तर शरीर स्वतःचं संप्रेरक लगेच बनवू शकत नाही, माणूस कोसळू शकतो. डोस उतरवायचा तो डॉक्टरांनीच, पायरीपायरीने. मी आजींशेजारी बसून हे सांगत राहिले. त्या माझ्याच वयाच्या. सुनेकडून ऐकून घेणं त्यांना जड जात होतं, माझ्याकडून घेतलं.

मग काढे आले. गुळवेल, अश्वगंधा, च्यवनप्राश, कुणाच्या ओळखीच्या वैद्यांची पुडी. सगळ्यांच्या मनात माया होती आणि सगळे एकच सांगायचे: प्रतिकारशक्ती वाढवा. इथे तर तीच शक्ती बेफाम झाली होती आणि औषधं तिला आवरत होती. मी दारातच थांबवून हे समजावायची. काहींनी माझ्याशी बोलणं टाकलं. त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही. पुढे 2021 मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तो वाद तज्ज्ञांचा आहे. पण ज्या मुलीचं यकृत आधीच मेथोट्रेक्सेट पेलतंय, तिच्या पोटात डॉक्टरांना न विचारता काहीही जाता कामा नये, यावर मी ठाम आहे.

शाळेचं काम सोपं निघालं. उन्हाने हा आजार उफाळतो, म्हणून परिपाठाला तिला मैदानाऐवजी व्हरांड्यात उभं करायचं ठरलं. सोबत एक मैत्रीण असायची, म्हणजे ती एकटी पडत नसे.

खरी परीक्षा नोव्हेंबरात झाली. राज्यभर गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. ही जिवंत विषाणूची लस; इतकी औषधं चालू असताना तिला देता येत नव्हती. डॉक्टरांचं पत्र तिच्या आईने शाळेत दिलं. पण गोवर तिला गाठणार तो वाड्यातल्या नाहीतर वर्गातल्या एखाद्या मुलाकडूनच. त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर लसीबद्दल नाही नाही ते फिरत होतं आणि बरेच पालक संमती द्यायला कचरत होते. आई म्हणाली, “काकू, मी कुणाकुणाला सांगू? माझ्या मुलीला देत नाही आणि तुमच्यांना द्या म्हणते, असंच वाटेल त्यांना.” मग मी घरोघरी गेले. तिला का चालत नाही आणि तुमच्या मुलाला का चालते, हे प्रत्येक घरी सांगितलं. तुमच्या मुलाने घेतली की तिचंही रक्षण होतं, म्हटलं. आपला मुलगा कुणाची तरी ढाल होऊ शकतो, हे पटल्यावर कितीतरी आयांच्या चेहऱ्यावरची भीती उतरली.

एका घराने मात्र शेवटपर्यंत नाही म्हटलं. मी तिथे पुन्हा पुन्हा गेले, वादही झाला. शेवटी त्या आईने एवढं कबूल केलं, की तिच्या मुलाला ताप किंवा अंगावर पुरळ दिसलं तर ती आधी मला कळवेल आणि तो बरा होईपर्यंत त्याला चौकात खेळायला पाठवणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याला कांजिण्या आल्या. पहिला फोड दिसला त्याच सकाळी तिचा फोन आला, आणि मी समोर सांगितल्यावर पोरीच्या आईने तासाभरात पुण्याच्या डॉक्टरांना गाठलं.