२६ वर्षे उशिरा आलेले विमान

१/ फेब्रुवारी २०२५. बंगळूरूजवळचा येलहंका हवाई तळ, ‘एअरो इंडिया’चे प्रदर्शन. रशियाचे सुखोई-५७ आणि अमेरिकेचे एफ-३५ एकाच ठिकाणी पाहायला मिळणार म्हणून गर्दी लोटली होती. मीही त्याच ओढीने गेले होते. परतले मात्र एका प्रशिक्षण विमानाचा विचार करीत. आजचा थ्रेड त्या विमानाविषयी आहे.

२/ आधी एक कबुली. लढाऊ विमानांचे वेड मला लहानपणापासून आहे. विमान डोक्यावरून निघून जाते आणि मागाहून त्याचा आवाज छातीवर आदळतो. त्या क्षणी इतिहासाची विद्यार्थिनी वगैरे काही शिल्लक राहत नाही. संहारासाठी घडवलेल्या यंत्रावर जीव का जडावा, हा प्रश्न घरी परतल्यावर पडतो.

३/ या वेडाचे मूळ घरातच आहे. माझे आजोबा नाशिकजवळच्या ओझर येथील विमान कारखान्यात फिटर होते. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या या कारखान्यात सोव्हिएत परवान्यानुसार मिग-२१ तयार होत. इंजिने कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, सांगाडा आणि जुळणी ओझरला, अशी कामाची वाटणी होती. देशात अशी सहाशेंहून अधिक मिग-२१ तयार झाली.

४/ मिग कोसळल्याची बातमी आली की आजोबा एकच प्रश्न विचारीत, “नंबर कुठला होता?” बातमीत बहुधा क्रमांक नसे. ते वर्तमानपत्राची घडी घालून ठेवीत आणि घरात त्यावर कोणी काही बोलत नसे. कोसळलेले विमान आपल्या हातून गेलेले तर नव्हते ना, हे त्यांना जाणून घ्यायचे असे. मला ते फार उशिरा उमगले.

५/ मिग-२१ हे भारतीय हवाई दलाचे पहिले स्वनातीत, म्हणजे ध्वनीहून वेगवान, लढाऊ विमान. १९६३ मध्ये चंदीगड येथे २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनपासून त्याची सुरुवात झाली. १४ डिसेंबर १९७१ रोजी याच विमानांनी ढाक्यातील गव्हर्नर हाउसवर रॉकेटे डागली. गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. दोन दिवसांनी पाकिस्तानी सैन्य शरण आले.

६/ या विमानाची मूळ कल्पना साधी होती: झपाट्याने उंची गाठायची आणि शत्रूच्या विमानाला अडवायचे. त्यासाठी पातळ त्रिकोणी पंख, निमुळता देह आणि एकच शक्तिशाली इंजिन. वेगात असताना ते अप्रतिम उडे. परीक्षा असे ती उतरताना. ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टी गाठावी लागे, वैमानिकाला समोरचे दृश्य पुरेसे दिसत नसे, आणि इंजिन बंद पडले तर निर्णयासाठी हाती काही क्षणच उरत.

७/ आता नवशिक्या वैमानिकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. त्याचे शिक्षण ‘किरण’ या भारतीय बनावटीच्या विमानावर होई. सरळ पंख, ध्वनीहून कमी वेग, चूक झाली तरी सावरू देणारा स्वभाव आणि शिक्षक अगदी शेजारच्या आसनावर. तेथून मिग-२१ वर जाणे म्हणजे विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलाला पुराच्या गोदावरीत उतरवण्यासारखे होते.

८/ मधली पायरी अगदीच नव्हती असे नाही. पोलंडचे इस्क्रा आणि ब्रिटिश हंटर ही विमाने त्या कामी वापरली गेली, पण ती जुनी होत चालली होती. १९८२ मध्ये ला फाँटेन समितीने स्पष्ट शिफारस केली की हवाई दलाला प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवे. म्हणजे रोग कोणता आणि औषध कोणते, दोन्ही तेव्हाच कागदावर आले होते.

९/ त्यानंतर काय झाले? विमानांच्या चाचण्या, वाटाघाटी, फायली आणि पुन्हा वाटाघाटी. १९९७ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने लढाऊ विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला आणि तिनेही याच विमानाचा आग्रह धरला. ६६ ब्रिटिश ‘हॉक’ विमानांचा करार झाला मार्च २००४ मध्ये. ती बिदरला दाखल झाली फेब्रुवारी २००८ मध्ये. १९८२ ते २००८, एकूण २६ वर्षे.

१०/ दरम्यानच्या काळात तरुण वैमानिक आसाममधील तेजपूरच्या तळावर मिग-२१ वरच मिग-२१ शिकत होते. लढाईसाठी बांधलेले विमान शाळेच्या कामाला जुंपले होते.

११/ मे २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत आकडे दिले. भारताने घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमाने १९७१-७२ पासून एप्रिल २०१२ पर्यंत अपघातग्रस्त झाली. त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्युमुखी पडले. मानवी चूक आणि तांत्रिक बिघाड ही दोन्ही कारणे सांगितली गेली. पण अपुरे शिक्षण मिळालेल्याची चूक नेमकी कोणाच्या खात्यावर मांडायची?

१२/ हा प्रश्न पुण्याच्या एका घराने जाहीरपणे विचारला. सप्टेंबर २००१ मध्ये फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचे मिग-२१ राजस्थानातील सुरतगढ येथे रात्रीच्या उड्डाणात कोसळले. चौकशीत दोष वैमानिकावर आला. कविता आणि अनिल गाडगीळ यांनी तो मान्य केला नाही. एकुलत्या दुःखात गुरफटून न राहता त्यांनी हवाई सुरक्षेसाठी अनेक वर्षे लढा दिला.

१३/ येथे सावध राहायला हवे. एका कारणाने सारे उलगडते असे वाटले की इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून पुन्हा तपासावे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विस्कटल्यावर सुट्या भागांची टंचाई झाली. पक्ष्यांच्या धडका होत्या, इंजिनाचे बिघाड होते. शिवाय ही विमाने संख्येने प्रचंड होती आणि दशकानुदशके त्यांनीच देशाच्या हवाई संरक्षणाचा मुख्य भार वाहिला. हॉक वेळेवर आले असते तर सगळेच वाचले असते, असे म्हणता येणार नाही. काही वाचले असते, एवढे मात्र मला वाटते. ‘उडती शवपेटी’ या दोन शब्दांत हा सारा हिशेब मावत नाही. दोष यंत्रावर टाकून माणसे त्यातून मोकळी होतात.

१४/ आता पुन्हा येलहंका. ‘सूर्यकिरण’ हे हवाई दलाचे कसरती पथक १९९६ मध्ये बिदरला किरण विमानांवर सुरू झाले. २०११ मध्ये ते थांबवावे लागले, कारण शिकवण्यासाठीच विमाने कमी पडत होती आणि पथकाची किरण विमाने त्या कामाला हवी होती. पुढे ते पुन्हा उभे राहिले ते हॉकवर. मी त्या दिवशी पाहिली ती लाल-पांढरी नऊ विमाने म्हणजे १९८२ च्या शिफारशीला मिळालेले उत्तर होते.

१५/ ती खेळ करीत नव्हती, हेही विसरू नये. याच येलहंकाच्या आकाशात १९ फेब्रुवारी २०१९ रोजी सरावादरम्यान सूर्यकिरणच्या दोन हॉक विमानांची टक्कर झाली आणि विंग कमांडर साहिल गांधी यांचा मृत्यू झाला. सहा वर्षांनी तेथेच पथकाने आपली रचना बांधली तेव्हा माझ्या शेजारी बापाच्या खांद्यावर बसलेली एक चिमुरडी टाळ्या पिटत होती. मीही टाळ्या वाजवल्या. त्या खोट्या नव्हत्या. पण सुखोई-५७ साठी वाजवल्या त्याहून वेगळ्या होत्या.

१६/ २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ निवृत्त झाले. ज्या शहरात पहिले आले, तेथेच शेवटचे उडाले. तो सोहळा मी आणि आजोबांनी नाशिकच्या घरी टीव्हीवर पाहिला. मी त्यांना लाफाँटेन, कलाम समिती, २६ वर्षे, सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. मग विमान पडद्यावर जवळून दिसताच चष्मा पुसला, पुढे वाकले आणि मला म्हणाले, “तुझी नजर चांगली आहे. नंबर वाच बरं.”

१७/ मी वाचला. ते काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली. तो त्यांच्या हातचा होता की नव्हता, हे मी विचारले नाही.

पुढच्या वेळी तुम्ही हवाई प्रात्यक्षिके पाहायला जाल, तेव्हा सर्वांत मोठा आवाज करणारे विमान अवश्य पाहा. मग थोडे थांबून त्या छोट्या लाल-पांढऱ्या विमानाकडेही पाहा. (समाप्त)