‘कत्’नंतरच्या पाच सेकंदांत

अनामिका आखडली आणि तबल्यावरचा माझा रेला गेला. व्यायामाने बोट थोडं सुटलं, चौपटीतली सफाई काही परत आली नाही. आता डोंबिवलीतल्या घरी गवई रियाजाला येतात, त्यांना विलंबित एकताल धरून देतो.

मिनिटभराचं आवर्तन, म्हणजे मात्रेला पाच सेकंद. ‘धिन्’ला डग्ग्याची आस काही काळ तरी सोबत करते. सातव्या मात्रेचा ‘कत्’ मात्र कोरडा. हात पडला की आवाज तिथेच मिटतो, त्यात ती खालीची जागा. माझी लय ढळते ती इथेच. मनात चार भाग मोजावेत तर ठेका ताठरतो, न मोजावेत तर पुढचा हात आधी पडतो आणि गवयाची स्वरावरची बैठक मोडते. आयुष्य या एका जागेशी झगडण्यात चाललंय.

हल्ली ही जागा तिरकिटाने भरून टाकतात. भरणा इतका, की मूळ ठेका शोधावा लागतो. मला हा भ्याडपणा वाटतो. अमीर खाँसाहेबांच्या मारव्यातला झूमरा ऐका, १४ मात्रा किती निवांत चालतात! त्यांना साधाच ठेका लागायचा. अब्दुल करीम खाँसाहेबांना तीनेक मिनिटांच्या तबकडीत राग बसवावा लागला, ती यंत्राची मर्यादा होती. आज तशी अडचण नसताना आपण स्वतःहून राग तेवढ्यात आटोपतो आहोत.

माझ्याकडे शिकणारी एक मुलगी रोज फास्ट लोकलला लटकून कॉलेज गाठते. तिचा हात पाण्यासारखा चालतो. तिने विचारलं, “सर, ‘कत्’नंतर हात कुठे ठेवायचा?” मी म्हटलं, “आहे तिथेच.” परवा तिने ठेवला. डग्ग्यावर पंजा तसाच, खांदे सैल, आणि ‘त्ता’ नेमका जागेवर. गवयाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती नजर मला हवी होती. टाळ्यांशिवाय मी जगू शकतो, गवयाच्या त्या नजरेशिवाय नाही. त्या रात्री मला अभिमानाआधी हेवा वाटला.

फडके रोडच्या आसपास दिवाळी पहाट करणाऱ्यांना एक विनंती आहे. गवयाला सरळ द्रुतवर आणू नका. एरवी गाडीच्या वेळेवर जगणारे श्रोते त्या दिवशी सुट्टीवर असतात. बड्या ख्यालाला निदान पाऊण तास द्या.