उकिरड्याची दैना

‘उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते’ अशी आपल्या भाषेत एक जुनी म्हण आहे. कोणाचेही दिवस सदासर्वकाळ सारखे राहत नाहीत, टाकाऊ ठरलेल्या वस्तूचेही कधीतरी भाग्य उजळते, असा तिचा आशय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो नावाच्या एका लहानशा शहराच्या उकिरड्याची दैना फिटायला मात्र एकतीस वर्षे लागली. २०१४ साली तो उकिरडा उकरला गेला तेव्हा त्यातून मुलांचे खेळ निघाले, आणि ते वर येताना पाहण्यासाठी शेकडो प्रौढ माणसे धुळीच्या वादळात तासन् तास उभी राहिली.

हे शहर पाहण्याचा योग मला आला तो माझ्या भाच्यामुळे. तो टेक्सासमधील एल पासो येथे नोकरीनिमित्त राहतो. तेथून अलामोगोर्डो सुमारे एकशे चाळीस किलोमीटरांवर आहे. रस्ता सरळ उत्तरेकडे जातो. दोन्ही बाजूंना उजाड माळ, त्यावर काटेरी झुडपे, आणि दूरवर क्षितिजाला टेकलेले डोंगर. नव्याने आलेल्या प्रवाशाला प्रथम वाटते की येथे पाहण्यासारखे काहीच नाही. पण जसजसे पुढे जावे तसतसा या ओसाड प्रदेशाचा स्वभाव उलगडत जातो. या भागाला तुलारोसाचे खोरे म्हणतात. पूर्वेला सॅक्रामेंटो आणि पश्चिमेला सॅन आंद्रेस अशा दोन डोंगररांगांमध्ये ते वसले आहे. येथे पडलेल्या पावसाला समुद्राकडे जायला वाट नाही. डोंगरांतून विरघळून आलेले जिप्सम पाण्याबरोबर खोऱ्यात साचते, पाणी उन्हाने उडून जाते आणि मागे राहिलेल्या स्फटिकांचे वाऱ्याने पीठ होते. त्यातूनच ‘व्हाइट सँड्स’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या शुभ्र टेकड्या तयार झाल्या. सुमारे ७१० चौरस किलोमीटर पसरलेला हा वाळूचा सागर भर दुपारीही पायांना गार लागतो. २०१९ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

या खोऱ्याचा विशेष असा, की त्याच्याकडे जे सोपवावे ते जपून ठेवावे आणि मागणारा आला की परत करावे. येथील एका प्राचीन, आटून गेलेल्या सरोवराच्या काठी माणसांच्या पावलांचे ठसे सापडले आहेत. ते सुमारे २१ ते २३ हजार वर्षांपूर्वीचे असल्याचे संशोधकांनी २०२१ साली जाहीर केले, आणि २०२३ साली झालेल्या पुढील तपासण्यांनीही त्याला दुजोरा दिला. त्या ठशांत लहान मुलांची आणि किशोरवयीनांची पावले अधिक आहेत. खोऱ्याच्या वायव्येस, ‘मृताची वाट’ अशा अर्थाचे स्पॅनिश नाव असलेल्या माळावर, १६ जुलै १९४५ रोजी जगातील पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली. त्या उष्णतेने वितळून वाळूची हिरवट काच बनली. तीही तेथील मातीने सांभाळून ठेवली आहे.

अलामोगोर्डो हे या खोऱ्याच्या पूर्वेकडील गाव. नावाचा अर्थ ‘पुष्ट कॉटनवुड वृक्ष’ असा आहे. १८९८ साली आगगाडीच्या निमित्ताने ते वसले, आणि पुढे शेजारच्या हॉलोमन विमानतळामुळे व क्षेपणास्त्रांच्या चाचणीक्षेत्रामुळे वाढले. १९६१ साली अंतराळात झेप घेणारा हॅम नावाचा चिंपांझी याच विमानतळावर शिकून तयार झाला होता. १९८३च्या जानेवारीत तो वारला आणि त्याला गावातील अंतराळ-संग्रहालयाच्या आवारात सन्मानाने पुरण्यात आले. त्याच वर्षी, सप्टेंबर महिन्यात, गावाच्या वाट्याला आणखी एक दफनविधी आला. त्याला मात्र कोणी फुले वाहिली नाहीत.

त्याची हकीकत अशी. कॅलिफोर्नियातील अटारी ही कंपनी त्या काळी घरगुती व्हिडिओ गेमच्या धंद्यात अग्रेसर होती. १९७७ साली तिने टी.व्ही.ला जोडायचे एक यंत्र बाजारात आणले. त्यात वेगवेगळ्या खेळांची प्लॅस्टिकची पेटी खोचली की पडद्यावर तो खेळ सुरू होई. या पेटीला तिकडे कार्ट्रिज म्हणतात. आपल्याकडची मुले तिला सरळ ‘कॅसेट’ म्हणत, म्हणून मीही तोच शब्द वापरतो. १९८२ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई.टी.’ हा चित्रपट अफाट गाजला. परग्रहावरचा एक जीव पृथ्वीवर चुकून मागे राहतो आणि एका मुलाच्या मदतीने घरी परततो, अशी ती कथा. तिच्यावर खेळ काढण्याचा हक्क अटारीने कोट्यवधी डॉलर मोजून घेतला. पण वाटाघाटी लांबत गेल्या. नाताळच्या बाजारासाठी खेळ तयार हवा, तर तो लिहून पूर्ण करायला उरले अवघे पाच आठवडे. एरवी अशा कामाला पाच-सहा महिने लागत. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या तरुण प्रोग्रॅमरने ते काम अंगावर घेतले. त्याचे आधीचे खेळ चांगले गाजले होते. हाताशी साधने तर अगदीच तुटपुंजी होती. अख्खा खेळ आठ किलोबाइटमध्ये बसवायचा होता. आपण आत्ता वाचत आहात तो हा लेख संगणकावर टंकला, तर त्याला याहून कितीतरी जास्त जागा लागते.

खेळ वेळेवर तयार झाला, सुमारे चाळीस लाख कॅसेट निघाल्या आणि प्रारंभी त्या खपल्याही. पण खेळणारी मुले लवकरच कंटाळली. त्या खेळात ई.टी.ला दूरध्वनीचे तीन भाग शोधावे लागतात आणि ते शोधताना तो पुनःपुन्हा खड्ड्यात पडतो. वर येतो न येतो तोच पुन्हा पडतो. दुकानदारांनी लाखो कॅसेट परत पाठवल्या. बाजारात तसेही एकापेक्षा एक सुमार खेळांचे पेव फुटले होते, त्यामुळे १९८३ साली सारा धंदाच कोसळला. त्या एका वर्षात अटारीला पन्नास कोटींहून अधिक डॉलरांचा तोटा झाला. एल पासोच्या गोदामात माल पडून होता. तो मालमोटारींत भरून अलामोगोर्डोच्या उकिरड्यावर आणला गेला, यंत्रांखाली चिरडला गेला, आणि अखेर त्यावर काँक्रीट ओतण्यात आले. गावातील काही पोरांनी त्याआधीच उकिरड्यात शिरून हाती लागतील त्या कॅसेट पळवल्या होत्या.

वर्तमानपत्रांत तेव्हा त्याच्या बातम्या छापून आल्या होत्या. तरीही काळ जाईल तशी ती एक दंतकथा बनली. वाळवंटात लाखो खेळ पुरले आहेत, असे एक म्हणे आणि ही निव्वळ थाप आहे, असे दुसरा ठासून सांगे. स्वतः वॉरशॉ यांचाही त्यावर विश्वास नव्हता. मात्र गावात केरकचऱ्याचा व्यवसाय केलेले जो लेवांडोस्की यांना तो प्रकार आठवत होता. जुनी छायाचित्रे जुळवून त्यांनी पुरण्याची जागा निश्चित केली. एका माहितीपटाच्या निमित्ताने नगरपालिकेची आणि राज्याच्या पर्यावरण खात्याची परवानगी मिळाली. २६ एप्रिल २०१४ रोजी खोदाई सुरू झाली. सोबत पुरातत्त्वज्ञांचे एक पथक होते. इतर उत्खननांत मातीची भांडी व नाणी नोंदवावीत, तशी या पथकाने खेळांची नोंद ठेवली. दूरदूरच्या राज्यांतून शौकीन मंडळी आली होती. वारा सुटला, डोळ्यांत वाळू जाऊ लागली, तरी कोणी हलेना. सुमारे तीस फूट खोलवरून चेपलेल्या खोक्यांचा एक थर वर आला. त्यात ई.टी.ची कॅसेट दिसताच जो जल्लोष झाला, तो माहितीपटात आजही पाहता येतो. कोरड्या हवेमुळे खोक्यांवरची चित्रे आणि आतली माहितीपत्रकेसुद्धा वाचता येत होती.

खोदाईत सुमारे तेराशे कॅसेट बाहेर काढण्यात आल्या. त्यांत ई.टी.चा वाटा जेमतेम एक दशांश होता. बाकीचे अटारीचे इतर खेळ, काही तर चांगले लोकप्रिय असलेले. पुरण्याचे काम ज्यांच्या देखरेखीखाली झाले ते अटारीचे माजी व्यवस्थापक जेम्स हेलर त्या दिवशी हजर होते. एकंदर सात लाख अठ्ठावीस हजार कॅसेट पुरल्याचे त्यांनी सांगितले. एक कॅसेट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेली. आठशेहून अधिक कॅसेटचा नगरपालिकेने लिलाव केला, आणि एक लाख सात हजार डॉलरांवर रक्कम जमली. त्यातून खर्च वजा जाता नगरपालिकेला सुमारे पासष्ट हजार आणि स्थानिक इतिहास-मंडळाला सोळा हजार डॉलर मिळाले. एका कॅसेटला पंधराशे पस्तीस डॉलर आले.

हा व्यवहार वाचून कोणीही विचारील, की दुर्मीळ वस्तूला भाव येतो हे समजते, पण ई.टी. काही दुर्मीळ नव्हे. संग्राहकांच्या जगात खरी दुर्मीळता कशाला म्हणतात याची उदाहरणे आहेत. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९९० साली अमेरिकेत घेतलेल्या स्पर्धेनिमित्त सोनेरी रंगाच्या केवळ सव्वीस कॅसेट काढल्या होत्या. तशी एखादी कुठल्या माळ्यावर सापडली, तर संग्राहकांत खळबळ उडावी हे रीतसरच आहे. ई.टी.च्या मात्र लाखभर प्रती लोकांच्या घरी सुस्थितीत असतील, आणि काही डॉलरांत मिळतीलही. मग चेपलेल्या, कुबट वास येणाऱ्या, बहुधा न चालणाऱ्या कॅसेटला शेकडो डॉलर का? प्रत्येक कॅसेटबरोबर नगरपालिकेने एक क्रमांक आणि एक प्रमाणपत्र दिले होते. ही वस्तू त्याच खड्ड्यातून आली, एवढेच ते सांगते. घेणाऱ्याला तेवढेच हवे होते.

गावातील इतिहास-मंडळाच्या छोट्याशा संग्रहालयात त्या खड्ड्यातील काही वस्तू काचेआड ठेवल्या आहेत. त्यांच्यासमोर भाचा बराच वेळ उभा राहिला. त्याचा जन्म इंदूरचा, १९८८ सालचा. अटारीचे यंत्र त्याने कधी हाताळलेलेही नाही. मी विचारले, “तुला यात एवढे काय दिसते रे?” तो म्हणाला, “मामा, माझ्या मुंजीत आलेल्या पैशांतून व्हिडिओ गेम घेतला होता, आठवतो ना तुम्हाला? कॅसेट चालली नाही की आम्ही तिच्यात फुंकर मारायचो. घर बदलताना आईने तो रद्दीबरोबर देऊन टाकला. तीच कॅसेट आज कोणी आणून दिली ना, तर मी काय वाटेल ते देईन. चालली नाही तरी चालेल.”

मला उत्तर मिळाले. आपण सारे कधी ना कधी गाव सोडून आलेले लोक. आजोबांचे पानाचे तबक किंवा आजीचा पितळी डबा जपताना त्यात पान ठेवायचे नसते की लाडू भरायचे नसतात. एक घर खरोखर होते, त्यात आपण लहान होतो, याची ती साक्ष असते. वाळवंटात उभ्या राहिलेल्या त्या पन्नाशीकडे झुकलेल्या मंडळींनाही तीच साक्ष हवी होती. त्यांच्या लहानपणाला मोठ्यांनी कचरा ठरवले होते. तो कचरा कोठे आहे, ते त्यांना पाहायचे होते.

आणि त्या गर्दीत वॉरशॉ स्वतः उभे होते. जगातला सर्वांत वाईट खेळ लिहिणारा माणूस, हे बिरुद त्यांनी तीस वर्षे वागवले. दरम्यान ते मानसोपचारतज्ज्ञ झाले होते. आपल्या पाच आठवड्यांच्या कामासाठी इतकी माणसे आनंदाने जमली आहेत, हे पाहून त्यांचे डोळे भरून आले. शाळेत आयुष्य काढलेल्या माणसाला ‘सर्वांत वाईट’ हे विशेषण कानी पडले की थबकायला होते. निकालपत्रकावर गुण असतात. अभ्यासाला किती दिवस मिळाले, घरी दिवा होता की नाही, याचा रकाना त्यावर नसतो. वॉरशॉ यांच्या निकालपत्रकावरही पाच आठवड्यांचा रकाना नव्हता. धंदा बुडण्याची कारणे अनेक होती, पण बोट दाखवायला एक नाव सोयीचे पडले. उत्खननाने तो हिशेब थोडासा दुरुस्त केला, असे मला वाटते. खड्ड्यात इतर खेळही सापडले, चांगले गाजलेलेसुद्धा. एकट्या ई.टी.ने अटारी बुडवली नाही, हे मातीनेच सांगितले.

संग्रहालयातून निघाल्यावर भाच्याने गाडी जुन्या उकिरड्याच्या बाजूने नेली. तेथे पाहण्यासारखे काही नाही. खड्डा तेव्हाच बुजवण्यात आला. वर आलेल्या तेराशे सोडल्या, तर बाकी सात लाखांच्या वर कॅसेट अजून खालीच आहेत. पश्चिमेला पांढऱ्या टेकड्यांवर ऊन उतरत होते. भाच्याने गाडीतूनच इंदूरला बहिणीला फोन लावला आणि विचारले, “आई, माळ्यावर माझी एखादी जुनी पेटी राहिली आहे का गं?”